तणाव्यावर तोललेले छप्पर
(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

'तणाव' म्हटले की आज आपल्याला परीक्षा, नोकरी, रक्तदाब अशा गोष्टी आठवतात. पण मराठीत 'तणावा' हा शब्द फार जुना आहे आणि त्याचा अर्थ अगदी साधा आहे: तंबूचा दोर. फारसीतल्या 'तनाब'वरून तो आपल्याकडे आला आणि लष्कराच्या छावणीतून गावागावांत पोचला. मेख, गुलमेख, कनात, राहुटी, डेरा, शामियाना ही सगळी त्याचीच भावंडे. तणावा ढिला पडला की तंबू पडला, हे पूर्वी छावणीतल्या पोरासोरांनाही ठाऊक असे. आज मला या तणाव्याचाच इतिहास सांगायचा आहे. मात्र तो राजेरजवाड्यांच्या डेऱ्यांपाशी थांबणार नाही, क्रीडांगणांच्या छपरापर्यंत जाईल.

निमित्त आपल्या भागातलेच आहे. बारामती आणि इंदापूर हे पर्जन्यछायेतले तालुके. पावसाची वाट पाहण्यात इथल्या पिढ्या गेल्या. पण पाऊस कमी म्हणून वारा कमी, असे नाही. एप्रिल-मे महिन्यांत दुपारभर आभाळ तापते, चारच्या सुमारास एका कडेला काळे ढग चढतात आणि पाऊस पडण्याच्या आधी वारा येतो. वळवाचा हा वारा दहा-पंधरा मिनिटेच टिकतो, पण तेवढ्यात व्हायचे ते होऊन जाते. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या पाण्यात करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली बोट अशाच अचानक सुटलेल्या वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. ही आठवण अजून ताजी आहे.

जमिनीवर या वाऱ्याचा पहिला मार बसतो तो छपरांना. कोंबड्यांच्या शेड, जनावरांचे गोठे, पॉलिहाऊस, शाळांचे पत्रे आणि क्रीडासंकुलांच्या गॅलऱ्या. बांधकामाचे शास्त्र शिकवण्यात माझी उमेद गेली, त्यामुळे वादळानंतर लोक आपला बंगला दाखवतात तशी मला पडकी छपरे दाखवतात. एका तालुक्याच्या गावचे क्रीडासंकुल मी असेच पाहिले. गावाचे नाव सांगत नाही. गॅलरीवरचे निम्मे पत्रे पलीकडच्या उसात जाऊन पडले होते. लोखंडी कैच्या जागच्या जागी उभ्या होत्या आणि त्यांच्यावरचे हुकबोल्टही शाबूत होते. पत्रा तेवढा बोल्टाच्या डोक्यातून फाटून निघून गेला होता. सुदैवाने तो रविवार होता. आदल्याच आठवड्यात त्या पायऱ्यांवर शाळकरी मुले बसून कबड्डीचे सामने पाहत होती.

आता प्रश्न असा, की पत्रा उडतो म्हणजे नेमके काय होते? वारा पत्र्याला ढकलतो, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात वारा त्याला उचलतो. छपराच्या पाठीवरून जोराने वाहणारी हवा वरचा दाब कमी करते. गॅलरी तर समोरून उघडी. आत शिरलेल्या वाऱ्याला मागच्या भिंतीमुळे बाहेर जायला वाट नसते, म्हणून तो खालून रेटा देतो. वरून ओढ आणि खालून रेटा, दोन्ही एकाच दिशेने.

थोडे आकडे सांगतो. वाऱ्याच्या भाराविषयीचे भारतीय मानक म्हणजे ८७५ क्रमांकाच्या मानकाचा तिसरा भाग. त्यात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरला आहे. या वेगाचा दाब ढोबळमानाने दर चौरस मीटरला ९० किलोच्या घरात जातो. आपला साधा लोखंडी पत्रा चौरस मीटरला जेमतेम पाच किलोचा. तीन मीटर लांब आणि एक मीटर रुंद पत्रा धरला, तर त्याचे वजन पंधरा किलो आणि त्याला उचलू पाहणारा जोर पावणेतीनशे किलोच्या आसपास. शिवाय वेग दुप्पट झाला तर जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणजे पत्रा स्वतःच्या वजनाने छपरावर राहत नाही, चार-सहा बोल्ट त्याला धरून ठेवतात. बोल्टाखालचे रबर उन्हाने वाळले, भोक गंजून मोठे झाले, की पहिला पत्रा सुटतो. त्या भगदाडातून वारा आत घुसतो आणि मग बाकीचे पत्रे पत्त्यांसारखे जातात. लोक पत्र्यावर दगड ठेवतात, वाळूची पोती ठेवतात. पावणेतीनशे किलोपुढे एका दगडाचे काय चालणार? उलट तोच दगड खाली कोणाच्या तरी डोक्यात पडतो.

अशा मोडलेल्या छपरावर पुन्हा पत्रे घालावेत की ताणलेल्या कापडाचे छत घालावे, हा प्रश्न अलीकडे ठिकठिकाणी विचारला जातो. कापडाचे म्हटले की ऐकणारा हसतो. लोखंड उडून गेले तिथे कापड टिकणार कसे? याचे उत्तर तंबूच्या इतिहासात आहे.

आपल्या वाटेवरूनच सुरुवात करू. तुकोबांची पालखी आषाढात बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असे मुक्काम करत पंढरीकडे जाते. दिंड्यांच्या राहुट्या संध्याकाळी उभ्या राहतात आणि पहाटे उतरतात. राहुटी लावणारा जाणता वारकरी काय करतो ते पाहावे. तो कापड नुसते काठीवर टाकत नाही. काठी उभी करून चहूबाजूंचे दोर खेचतो, मेख जमिनीत तिरपी ठोकतो आणि कापडावर टिचकी मारून पाहतो. ढोलकीसारखे वाजले तरच त्याचे समाधान होते. ढिले कापड वाऱ्यात फडफडते आणि फडफडणारे कापड शिवणीत उसवते. आपले पॉलिहाऊसवाले शेतकरीही हेच सांगतात, की ताणून बसवलेला कागद टिकतो आणि ढिला राहिलेला पहिल्या वळवात फाटतो.

हेच ज्ञान मराठी माणसाने सर्कशीतही वापरले. सांगली भागातील अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली मुंबईत आपली सर्कस उभी केली आणि पुढे तो तंबू देशोदेशी नेला. शेकडो माणसांना एका कापडाखाली, मध्ये फारसे खांब न घालता बसवायचे, ही खरे तर क्रीडांगणाच्या छपराचीच मागणी. तंबूला ती आधीपासून जमत होती. पण त्याचे दोन शत्रू होते: पाणी आणि आग. सुती कापड पाणी पिते म्हणून त्याला मेण लावत आणि मेण लावले की ते पेटते. ६ जुलै १९४४ रोजी अमेरिकेत हार्टफर्ड इथे सर्कशीचा तंबू पेटला. कापड जलरोधक करण्यासाठी पॅराफिन मेण आणि गॅसोलीन यांचे मिश्रण लावलेले होते. दीडशेहून अधिक माणसे त्यात गेली. कायमच्या इमारतीला कापडाचे छत द्यायचे, तर आधी न जळणारे कापड शोधायला हवे, हे त्या आगीने जगाला बजावले.

कापड सापडण्याआधी आकार सापडला. फ्राय ओटो नावाचा जर्मन तरुण महायुद्धात वैमानिक होता. फ्रान्समध्ये शार्त्रजवळच्या युद्धकैद्यांच्या छावणीत त्याच्यावर बांधकामाची जबाबदारी आली. हाताशी सामान जवळजवळ नव्हतेच. कमीत कमी वस्तूंत जास्तीत जास्त आडोसा कसा करावा, हा त्याच्या आयुष्याचा विषय तिथेच ठरला. पुढे तो तारेच्या चौकटी साबणाच्या पाण्यात बुडवून त्यांवर येणारे पडदे न्याहाळू लागला. साबणाचा पडदा सर्व दिशांनी सारखा ताणलेला असतो आणि आपोआप लहानात लहान आकार घेतो. वाचकांना घरी एक प्रयोग करता येईल. हातरुमालाचे चार कोपरे चौघांनी धरावेत, समोरासमोरचे दोन वर उचलावेत, उरलेले दोन खाली ओढावेत. रुमाल घोड्याच्या खोगिरासारखा होतो. त्याला वरून दाबा किंवा खालून उचला, तो फारसा हलत नाही. एका दिशेचे धागे वरून येणारा भार घेतात, दुसऱ्या दिशेचे वाऱ्याची उचल घेतात. सपाट कापडात ही सोय नसते. १९५५ साली कासेल इथल्या उद्यान प्रदर्शनात ओटोने असा छोटा खोगीरतंबू वादकांसाठी उभारला. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकच्या मैदानावर त्याने इतरांबरोबर केलेले तारांच्या जाळ्याचे छत जगाने पाहिले. तिथे कापडाऐवजी पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचे तक्ते होते, पण तत्त्व तेच. २०१५ च्या मार्चमध्ये ओटो गेला आणि त्याच वर्षीचा प्रिट्झ्कर पुरस्कार त्याला मिळाला.

कापडाचा प्रश्न अमेरिकेत सुटला. १९७० च्या ओसाका प्रदर्शनात अमेरिकेचे दालन काचतंतूंच्या कापडाने झाकले होते. त्यानंतर काचतंतूंवर टेफ्लॉनचा, म्हणजे आपल्या न चिकटणाऱ्या तव्यावर असतो त्याच द्रव्याचा, लेप देण्याची युक्ती पक्की झाली. काच जळत नाही, टेफ्लॉनला धूळ चिकटत नाही आणि उन्हाने ते सडत नाही. १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातील ला व्हर्न इथल्या महाविद्यालयावर असे पहिले कायमचे छत चढले. १९८१ साली जेद्दा विमानतळावर हज यात्रेकरूंसाठी २१० तंबूंचे प्रचंड छत उभे राहिले. एकेक तंबू ४५ मीटर लांब आणि तेवढाच रुंद. त्याच्या रचनेमागे ढाक्यात जन्मलेले अभियंते फझलूर खान होते. वाळवंटातला तंबू पुन्हा वाळवंटात गेला, पण या वेळी उतरवण्यासाठी नव्हे, राहण्यासाठी.

दरम्यान एक आडवाटही झाली. कापड तारांनी ताणण्याऐवजी खालून हवा भरून फुगवायचे. पंख्यांच्या जोरावर आख्खे स्टेडियम झाकायचे. स्वस्त आणि भव्य! पण पंख्यांवर आणि माणसांच्या दक्षतेवर चालणारे छप्पर निसर्गाला फार दिवस पुरत नाही. कॅनडातील व्हँकुव्हरचे बीसी प्लेस हे १९८३ चे स्टेडियम घ्या. २००७ च्या जानेवारीत वादळी हवेत त्याच्या छताचा पडदा फाटला आणि फुगा खाली बसला. तात्पुरते ठिगळ लावून २०१० चे हिवाळी ऑलिंपिक पार पडले. मग फुगा कायमचा उतरवला. त्याच्या जागी उंच डोलकाठ्या, पोलादी दोर आणि त्यांवर ताणलेले, उघडझाप करता येणारे कापड आले. २०११ च्या सप्टेंबरअखेर ते पुन्हा खुले झाले. वादळाने मोडलेल्या छताच्या जागी ताणपडद्याचे छत, याचे यापेक्षा नेमके उदाहरण क्वचितच मिळेल. लक्षात घ्या, तिथे नुसते कापड बदलले नाही. जुन्या वाडग्याभोवती नवा सांगाडा उभा करावा लागला.

आपल्याकडे ही विद्या क्रिकेटच्या मागून आली. लंडनच्या लॉर्ड्‌स मैदानावर १९८७ साली मायकेल हॉपकिन्स यांनी माउंड स्टँडवर पांढरे तंबू चढवले. इंग्रजी खेड्यातल्या सामन्यावेळी कडेला उभारतात त्या तंबूंचीच ती आठवण होती. त्याच हॉपकिन्सांच्या संस्थेने आपल्या पुणे जिल्ह्यात गहुंज्याचे स्टेडियम आखले, जिथे आता सामने होतात. तिथल्या बऱ्याच आसनांवर छप्परच नाही, ही प्रेक्षकांची तक्रार मात्र खरी आहे. मुंबईत वानखेडे स्टेडियम शशी प्रभू यांच्या आराखड्यानुसार उभे राहून १९७५ च्या जानेवारीत तिथे पहिली कसोटी झाली. २०११ च्या विश्वचषकासाठी त्याचे नूतनीकरण झाले तेव्हा टेफ्लॉनचा लेप दिलेल्या कापडाचे, समोर खांब नसलेले छत आले. धोनीचा तो षटकार ज्यांनी उत्तर-दक्षिण गॅलऱ्यांतून पाहिला, त्यांच्या नजरेच्या आड एकही खांब आला नाही, याचे श्रेय पोलादाइतकेच कापडालाही आहे.

मग हे छत अजिंक्य आहे का? नाही. अमेरिकेत फ्लोरिडातील सेंट पीटर्सबर्गचे ट्रॉपिकाना फील्ड १९९० पासून टेफ्लॉन कापडाच्या २४ पडद्यांखाली उभे होते. ९ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री मिल्टन चक्रीवादळाने त्यातले १८ पडदे फाडले. आत मैदानावर मदतकार्य करणाऱ्यांसाठी खाटा मांडून ठेवल्या होत्या. वादळाचा रोख पाहून माणसे आधीच हलवली, म्हणून अनर्थ टळला. पुढच्या हंगामात संघाला दुसऱ्या मैदानाचा आसरा घ्यावा लागला आणि २०२५ मध्ये नवे पडदे चढवले गेले. यातून दोन गोष्टी दिसतात. तीस-पस्तीस वर्षे उन्हात उभ्या असलेल्या कापडाचे वय मोजलेच पाहिजे. आणि पडदे फाटले तरी दोरांचा सांगाडा उभा राहिला, म्हणूनच साधारण वर्षभरात नवे छत चढवता आले.

आता पुन्हा आपल्या मातीवर येऊ. बारामतीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्टेडियमवर २०२० च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र आणि उत्तराखंड यांचा रणजी सामना झाला. म्हणजे तालुक्याच्या गावीही मोठा खेळ येतो आणि त्याबरोबर प्रेक्षकही येतात. अशा कुठल्याही गावी वादळानंतर कापडी छताचा प्रस्ताव आला, तर काय विचारावे?

पहिला प्रश्न पायाचा. पत्र्याची गॅलरी प्रामुख्याने खाली दाबते. ताणपडदा आडवा आणि वर ओढतो, वारा असो वा नसो, रात्रंदिवस. जुने खांब ओझे वाहण्यासाठी केलेले असतात, ओढ सोसण्यासाठी नव्हे. त्यांना तसेच ठेवून वर कापड ताणले, तर एक दिवस कापड शाबूत राहील आणि खांब वाकेल. राहुटीची मेख जे काम करते, तेच इथे जमिनीतल्या काँक्रीटच्या नांगराने करायचे असते. आपल्या भागातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, म्हणून तो नांगर मुरमात किंवा खडकात न्यायला हवा.

दुसरा प्रश्न आकाराचा. 'टेन्साइल' या नावाखाली पार्किंगवर आणि मंगल कार्यालयांपुढे जे लावले जाते, त्यातले पुष्कळ सपाट आणि ढिले असते. त्यावर पावसाचे पाणी साचते, कापडाला पोट सुटते, पोटात आणखी पाणी साचते आणि शेवटी ते फाटते. खोगिराचा किंवा शंकूचा बाक नसेल, तर ते ताणलेले छत नव्हे, नुसता पाल आहे.

तिसरा प्रश्न कापडाचा. टेफ्लॉनचे काचकापड पंचवीस-तीस वर्षे जाते, पण महाग असते आणि त्याला घडी चालत नाही, कारण घडीत काचतंतू तुटतात. पीव्हीसीचा लेप दिलेले पॉलिस्टर स्वस्त, दुमडता येते, पण त्याचे आयुष्य दहा ते वीस वर्षांचे आणि त्यावर मळ बसतो. आपल्याकडे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी असे साखर कारखाने जवळ आहेत. गळीत हंगामात चिमणीतून उडणारी काजळी घरच्या वाळत घातलेल्या धोतरावर येते, ती पांढऱ्या छतावर येणार नाही असे कसे होईल? धुण्याची सोय आणि तिचा खर्च आधीच धरावा लागेल.

चौथा प्रश्न सर्वांत साधा आणि सर्वांत जास्त टाळला जाणारा. दरवर्षी, वळीव सुरू होण्याआधी, दोरांचा ताण कोण मोजणार? जोडांतला गंज कोण पाहणार? वीतभर चीर आज गरम हवेने ठिगळ लावून मिटते, उद्या तीच पडदाभर जाते. सरकारी कामात छप्पर बांधायला निधी मिळतो, छप्पर सांभाळायला मिळत नाही. ज्या संकुलाला पत्र्याचे बोल्ट दहा वर्षांत एकदा तपासता आले नाहीत, त्याने कापडी छताच्या वाटेला जाण्याआधी थोडे थांबावे. त्याला चांगले जाड पत्रे, जवळजवळ बोल्ट आणि वर्षातून एकदा शिडी लावून वर चढणारा माणूस, एवढ्यानेही पुष्कळ सुरक्षितता मिळेल.

मी कापडाचा वकील नाही आणि पत्र्याचा वैरीही नाही. वारकरी दर मुक्कामाला राहुटी लावतो आणि दर मुक्कामाला दोर तपासतो, म्हणून त्याचे छप्पर आषाढातल्या वाऱ्यापावसातही टिकते. आपण मात्र छप्पर एकदा बांधले की उद्‌घाटनाच्या पाटीपलीकडे त्याच्याकडे मान वर करून पाहत नाही. पुढच्या वळवाआधी आपापल्या गावच्या गॅलरीखाली उभे राहून एकदा वर पाहा. गंजलेला बोल्ट किंवा फडफडणारा पत्रा दिसला, तर ग्रामपंचायतीला किंवा नगरपरिषदेला लेखी कळवा आणि त्या पत्राची पोच घ्या. त्या पायऱ्यांवर बसणारी मुले आपलीच आहेत.